निरोगी वाहकाची कल्पना आणि नासिकेतील पुंजगोलाणू

निरोगी माणसाच्या नाकात रोगकारक जंतू वास करतात काय, आणि करीत असल्यास किती माणसांच्या, हा प्रश्न वरकरणी केवळ मोजदादीचा आहे. शंभर माणसांची नाके तपासावीत, जंतू सापडतील ती मोजावीत आणि शेकडेवारी मांडावी, एवढ्याने त्याचे उत्तर मिळावे अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात या मोजदादीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एकाच प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत. मोजणाऱ्याने कोणत्या जंतूस रोगकारक मानले, नाकाचा कोणता भाग तपासला, आणि एकाच माणसास किती वेळा तपासले, यांवर ही उत्तरे अवलंबून राहिली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यांतील प्रत्येक उत्तराबरोबर जंतू बाळगणाऱ्या निरोगी माणसाकडे, म्हणजे 'वाहका'कडे, पाहण्याची समाजाची व वैद्यकाची दृष्टीही पालटत गेली. कधी तो संशयित ठरला, कधी धोक्याची सूचना देणारा निर्देशांक ठरला, तर कधी स्वतःच संरक्षणास पात्र असा रुग्ण ठरला.

हा इतिहास मुख्यतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस या एका जंतूच्या अनुरोधाने पाहणे सोयीचे आहे. गळू, केसतूड, रांजणवाडी अशा नित्याच्या व्याधींपासून शस्त्रक्रियेची जखम चिघळणे, अस्थिमज्जेचा दाह आणि रक्तातील प्राणघातक संसर्ग येथपर्यंत त्याची मजल जाते. आणि हाच जंतू कोट्यवधी धडधाकट माणसांच्या नाकपुडीत काहीही उपद्रव न करता राहत असतो. या दोन विधानांतील विसंगती हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

१. रोगाचे कारण आणि निरोगी माणूस

स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला व त्यात गोल आकाराचे जंतू असतात असे १८८० साली बर्लिन येथील शल्यवैद्यांच्या परिषदेत मांडले. त्यांपैकी काही जंतू माळेसारखे, तर काही द्राक्षांच्या घडासारखे दिसत. घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून दुसऱ्या प्रकारास ऑग्स्टन यांनी १८८२ मध्ये 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव दिले. मराठीत त्यासच पुंजगोलाणू म्हणतात. पुढे १८८४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रोझेनबाख यांनी संवर्धनात वाढलेल्या वसाहतींच्या रंगावरून त्याचे दोन प्रकार केले. सोनेरी वसाहतींचा तो 'ऑरियस' आणि पांढऱ्या वसाहतींचा तो 'आल्बस' होय.

ज्या दशकात हे शोध लागले ते रोगजंतुवादाच्या विजयाचे दशक होते. विशिष्ट रोगास विशिष्ट जंतू कारण असतो, तो त्या रोगाच्या प्रत्येक रुग्णात सापडतो आणि निरोगी माणसात सापडत नाही, ही रॉबर्ट कॉख यांच्या परंपरेतील विचाराची चौकट होती. तिला आरंभापासूनच अडचणी आल्या. अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी १८८० मध्ये स्वतःची लाळ सशांना टोचली तेव्हा ते ससे मेले. पॅरिसमध्ये पाश्चर यांनाही त्याच सुमारास लाळेत तोच जंतू आढळला. हाच पुढे न्यूमोनियाचा प्रमुख जंतू म्हणून ओळखला गेला. परंतु ज्यांच्या लाळेत तो होता ते स्टर्नबर्ग त्या वेळी पूर्णतः निरोगी होते. घटसर्पाच्या जंतूचे संवर्धन करणाऱ्या लोफलर यांनाही १८८४ मध्ये असाच अनुभव आला. तपासलेल्या निरोगी मुलांपैकी एकाच्या घशात त्यांना तोच जंतू सापडला, आणि या एका अपवादामुळे, इतर पुरावा बळकट असतानाही, त्यांनी आपला निष्कर्ष निःशंकपणे मांडण्याचे टाळले.

ज्यास लोफलर यांनी अडचण मानले त्यासच पुढील दशकात शास्त्रीय वस्तुस्थितीचे स्थान मिळाले. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत विल्यम पार्क व त्यांचे सहकारी यांनी १८९० नंतरच्या दशकात घटसर्पाचे जंतू बाळगणारी निरोगी माणसे अपवादात्मक नाहीत असे दाखवून दिले. पटकीच्या साथींचा अभ्यास करताना कॉख यांनाही बऱ्या झालेल्या व रोगाची लक्षणे नसलेल्या माणसांचे महत्त्व पटले. अशा रीतीने 'निरोगी वाहक' ही संज्ञा रूढ झाली.

सर्वसामान्यांच्या मनात ही संज्ञा रुजली ती मात्र एका दुःखद प्रकरणामुळे. मेरी मॅलन ही न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण म्हणून काम करणारी आयरिश स्त्री विषमज्वराची वाहक असल्याचे १९०७ मध्ये आढळले आणि तिला स्थानबद्ध करण्यात आले. १९१० मध्ये सुटका झाल्यावर ती पुन्हा स्वयंपाकाच्या कामावर गेली, म्हणून १९१५ मध्ये तिला परत स्थानबद्ध करण्यात आले आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती तेथेच राहिली. वाहक म्हणजे गुन्हेगारासारखी शोधून वेगळी काढावयाची व्यक्ती, ही कल्पना या प्रकरणाने दृढ केली. विषमज्वराचे दीर्घकालीन वाहक समाजात थोडे असतात. त्यामुळे तेथे ही कल्पना निदान अंमलात आणता येण्याजोगी होती. नाकातील जंतूंच्या बाबतीत ती अंमलात आणू गेल्यास काय होईल, हा प्रश्न अद्याप पुढे यावयाचा होता.

२. छावणीतील शेकडेवारी

तो प्रश्न पहिल्या महायुद्धाने पुढे आणला. मस्तिष्कावरणशोथाचा एक जंतू, मेनिंगोकॉकस, व्हिएन्नाचे वाइक्सेलबाउम यांनी १८८७ मध्ये वर्णिला होता. नाकाच्या मागील बाजूस, घशाच्या वरच्या भागात, निरोगी माणसांतही तो राहतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभी कळून चुकले होते. युद्धकाळी इंग्लंडमधील छावण्यांत नव्याने भरती झालेल्या सैनिकांमध्ये या रोगाच्या साथी उद्भवल्या, आणि वाहक शोधण्यासाठी हजारो सैनिकांचे घसे तपासण्यात आले.

या कामातील सर्वांत विचारप्रवर्तक निरीक्षणे जे. ए. ग्लोव्हर यांची आहेत. १९१७ मधील एका छावणीतील साथीचा वृत्तांत त्यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. युद्धाच्या गर्दीमुळे झोपण्याच्या खाटांमधील अंतर कमी होत गेले, तसतसे निरोगी सैनिकांमधील वाहकांचे प्रमाण चढत गेले आणि त्यामागून रोगी आढळू लागले, असे त्यांना दिसले. शेकडा २० हे प्रमाण त्यांनी धोक्याची रेषा म्हणून सुचविले. खाटांमध्ये निदान अडीच फुटांचे अंतर ठेवल्यावर हे प्रमाण उतरले.

ग्लोव्हर यांच्या विचारातील नावीन्य येथे नीट ध्यानी घेतले पाहिजे. त्यांनी वाहक व्यक्तीवरून लक्ष काढून वाहकतेच्या प्रमाणावर नेले. एखादा सैनिक वाहक आहे की नाही यापेक्षा शंभर सैनिकांत वाहक किती आहेत हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले, आणि उपायही व्यक्तीवर न करता खोलीवर केला गेला. दोष माणसाच्या घशाकडे न राहता खाटांच्या मांडणीकडे गेला.

तथापि धोक्याची जी रेषा त्यांनी आखली ती सार्वत्रिक ठरली नाही. डडली व ब्रेनन यांनी १९३४ मध्ये आरमारी दलातील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत मेनिंगोकॉकसच्या वाहकतेचे प्रमाण दीर्घकाळ उच्च राहूनही मस्तिष्कावरणशोथाचा एकही रोगी आढळला नव्हता. वाहकता अधिक म्हणजे रोग अधिक, असे सरळ समीकरण मांडता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

३. कोणता भाग, कोणता जंतू

पुंजगोलाणूंकडे वळल्यास मोजदादीच्या दोन मूलभूत अडचणी आधी विचारात घ्याव्या लागतात. पहिली अडचण जागेची. १८९५ मध्ये लंडनमधील सेंट क्लेअर टॉमसन व आर. टी. ह्यूलेट यांनी निरोगी नाकातील जंतूंविषयी प्रबंध सादर केला. नाकपुडीच्या तोंडाशी, जेथे केस असतात व अस्तर त्वचेसारखे असते तेथे, जंतूंची रेलचेल असते. परंतु आतील श्लेष्मल पटलावर ते फारच थोडे असतात किंवा मुळीच नसतात, असे त्यांनी दाखविले. श्वासाबरोबर आलेले जंतू नाकाच्या दारीच अडतात आणि जे आत जातात ते श्लेष्म्याच्या प्रवाहाबरोबर वाहून जातात. त्यामुळे 'नाकातील जंतू' असे म्हणताना नाकाचे दालन अभिप्रेत आहे की उंबरठा, हे स्पष्ट करणे अवश्य ठरले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे घर या उंबरठ्यावर आहे.

नाकाच्या स्वच्छतेमागील एक रासायनिक कारणही पुढे उघड झाले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पडशाने बेजार झालेल्या नाकातील स्रावात काही जंतूंना विरघळविणारे द्रव्य सापडले व १९२२ मध्ये त्यांनी ते 'लायसोझाइम' या नावाने प्रसिद्ध केले. परंतु ज्या जंतूंवर हे द्रव्य चालत नाही त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस अग्रगण्य आहे. आपल्या पेशीभित्तिकेच्या रचनेत तो असा एक रासायनिक बदल करतो की, लायसोझाइमचा तीवर परिणाम होऊ नये. ही यंत्रणा २००५ मध्ये स्पष्ट झाली. जो पहारा इतरांस अडवितो तो याला अडवू शकत नाही.

दुसरी अडचण जंतूच्या ओळखीची. पुंजगोलाणू जवळजवळ प्रत्येकाच्या नाकपुडीत असतातच. परंतु त्यांतील बहुसंख्य त्वचेवरचे निरुपद्रवी रहिवासी असतात. सोनेरी रंग ही रोझेनबाख यांची कसोटी डळमळीत होती, कारण एकाच वाणाचा रंग संवर्धनमाध्यमानुसार व कालमानानुसार फिका पडतो. काही पुंजगोलाणूंच्या योगाने रक्तद्रव गोठते हे लेओ लोब यांनी १९०३ मध्ये पाहिले होते. पण रक्तद्रव गोठविणाऱ्या या 'कोअ‍ॅग्युलेज' गुणधर्मास रोगकारकतेची विश्वसनीय खूण म्हणून मान्यता मिळण्यास १९३० नंतरचे दशक उजाडावे लागले. नासिकेतील रोगकारक पुंजगोलाणूंविषयीचे हॉलमन (१९३७), मॅकफार्लन (१९३८) आणि गिलेस्पी, डेव्हनिश व कोवन (१९३९) यांचे प्रबंध एकापाठोपाठ याच सुमारास का प्रसिद्ध व्हावेत, याचे उत्तर येथे मिळते. मोजावयाचे काय हे ठरल्याशिवाय मोजणी अर्थपूर्ण होत नाही.

याच दशकाच्या आरंभी नॉर्वेतील डानबोल्ट यांनी वारंवार केसतुडे होणाऱ्या रुग्णांच्या नाकात पुंजगोलाणूंचा साठा असतो, याकडे लक्ष वेधले होते. त्वचेवरील व्याधीचे मूळ नाकात असू शकते हा विचार त्यामुळे पुढे आला. १९४८ मध्ये मॉस, स्क्वायर व टॉपली यांनी पेनिसिलीनचा उपचार घेणाऱ्यांच्या नाकाचा व त्वचेचा एकत्र अभ्यास केला. नाकातील जंतू हटले की त्वचेवरील जंतूही बहुधा नाहीसे होतात, असे त्यातून दिसले. नाक हे मूळ आणि त्वचा ही शाखा, हे नाते अशा रीतीने प्रस्थापित झाले.

४. रुग्णालय आणि संशय

दुसऱ्या महायुद्धकाळात या विषयाला रुग्णालयाच्या अंगाने तातडीचे स्वरूप आले. माइल्स, विल्यम्स व क्लेटन-कूपर यांनी १९४४ मध्ये माणसातील पुंजगोलाणूंची वाहकता व जखमांचा संसर्ग यांचा संबंध तपासला. वाहकाच्या नाकातील जंतू आणि जखमेतील जंतू एकच आहेत काय, हे ठरविण्याचे साधन मात्र त्यानंतर आले. जंतूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, वापरून पुंजगोलाणूंचे वाण ओळखण्याची पद्धती फिस्क यांच्या १९४२ मधील कामावरून सुरू झाली, आणि विल्सन व अ‍ॅटकिन्सन यांनी १९४५ मध्ये तिला व्यवहार्य रूप दिले. एखाद्या दस्तऐवजावरील अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येक वाणाची ओळख आता पटविता येऊ लागली.

त्याच वेळी पेनिसिलीनचे वैभव ओसरू लागले होते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पेनिसिलीनला दाद न देणाऱ्या पुंजगोलाणूंचे प्रमाण मोजले. १९४६ मध्ये सुमारे शेकडा १४, १९४७ मध्ये ३८ आणि १९४८ मध्ये ५९ असे ते चढत गेले. जंतू नव्याने औषधास निर्ढावत होते असे नव्हे. जे वाण पेनिसिलीन नष्ट करणारे विकर निर्माण करीत त्यांचाच रुग्णालयात फैलाव होत होता, आणि या फैलावाचा एक मार्ग रुग्णालयातील माणसांच्या नाकातून जात होता. ऑस्ट्रेलियात फिलिस राउंट्री यांनी १९५१ मध्ये परिचारिकांच्या नाकातील वाहकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५३ पासून सिडनीत नवजात बालकांमध्ये ज्या वाणाने थैमान घातले व जो पुढे '८०/८१' या क्रमांकाने जगभर कुप्रसिद्ध झाला, त्याचे वर्णन त्यांनी व फ्रीमन यांनी १९५५ मध्ये केले.

या काळात मेरी मॅलनच्या प्रकरणातील जुनी वृत्ती पुन्हा डोके वर काढू शकत होती. बालकांच्या कक्षात साथ आली की परिचारिकांची नाके तपासावयाची आणि जिच्या नाकात जंतू आढळेल तिला कामावरून दूर करावयाचे, हा मार्ग सहज सुचण्याजोगा होता. परंतु येथे शेकडेवारीचा मुद्दा निर्णायक ठरतो. दर तीन-चार निरोगी माणसांतील एक कोणत्याही दिवशी वाहक असेल, तर वाहकांना वगळून रुग्णालय चालविणे अशक्य आहे. आणि आज ज्याचे नाक स्वच्छ आढळले तो पुढील महिन्यात वाहक असणार नाही याची शाश्वती नाही. शिवाय रोनाल्ड हेअर व त्यांचे सहकारी यांच्या १९५० नंतरच्या दशकातील प्रयोगांनी दाखविले की, शांतपणे श्वासोच्छ्वास करताना नाकातून पुंजगोलाणू क्वचितच थेट बाहेर पडतात. त्यांचा प्रवास बव्हंशी हात, हातरुमाल, कपडे व अंथरूण यांच्या मार्गे होतो. म्हणजेच वाहकाच्या नाकापेक्षा सर्वांच्या हातांची स्वच्छता हा अधिक फलदायी आणि अधिक न्याय्य असा उपाय होता.

तोवर साठलेल्या माहितीचा साकल्याने परामर्श आर. ई. ओ. विल्यम्स यांनी १९६३ मध्ये घेतला. निरोगी माणसांतील स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाहकता, तिचे प्रमाण व तिचे महत्त्व हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, आणि पुढील कित्येक दशके या क्षेत्रातील संशोधकांनी त्याचाच आधार घेतला.

५. एका जंतूने दुसऱ्यास अडविणे

१९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये या विषयाला अनपेक्षित वळण मिळाले. हेन्री शाइनफील्ड, हाइन्झ आयखेनवाल्ड व त्यांचे सहकारी '८०/८१' वाणाच्या फैलावाचा माग काढीत होते. एका परिचारिकेच्या संपर्कात आलेल्या काही बालकांच्या नाकात व नाभीवर दुसराच एक सौम्य पुंजगोलाणू आधीच स्थिरावला होता, आणि अशा बालकांत '८०/८१' शिरकाव करू शकला नव्हता. या सौम्य वाणास '५०२-ए' असे नाव देण्यात आले. त्यानंतर अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत नवजात बालकांच्या नाकात व नाभीवर हा वाण हेतुपुरस्सर लावण्यात आला आणि साथी आटोक्यात आल्या. १९६३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. निरोगी वाहक म्हणजे धोका, ही समजूत येथे पूर्णपणे उलटली होती: वाहकता हेच संरक्षण म्हणून योजिले गेले.

या प्रयोगास मर्यादाही होती. सौम्य म्हणून निवडलेला जंतूही अखेर स्टॅफिलोकॉकस ऑरियसच होता. '५०२-ए' मुळे रक्तात संसर्ग होऊन एका बालकाचा मृत्यू झाल्याचा वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही पद्धती मागे पडली. तरीही तिच्यामागील तत्त्व, नाकपुडीची जागा ज्याने आधी व्यापली तो इतरांस रोखू शकतो हे, खोटे ठरले नाही. २०१६ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांना असे आढळले की, स्टॅफिलोकॉकस लग्डुनेन्सिस हा नाकातील दुसरा पुंजगोलाणू 'लग्डुनिन' नावाचे प्रतिजैविक द्रव्य निर्माण करतो. त्यांनी तपासलेल्या १८७ रुग्णांपैकी ज्यांच्या नाकात हा जंतू होता त्यांच्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाहकता शेकडा ५.९, तर ज्यांच्यात तो नव्हता त्यांच्यात शेकडा ३४.७ होती. नाक हे ओसाड माळरान नसून वतनदारांनी व्यापलेले गाव आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

६. एकदा की पुनःपुन्हा

मोजणीतील तिसरी अडचण काळाची होती. शंभर माणसांची एकदाच तपासणी केली तर ज्यांच्या नाकात जंतू कायमचा आहे ते आणि ज्यांच्या नाकात तो त्या आठवड्यापुरता आला आहे ते, असे दोघेही एकाच रकान्यात पडतात. या दोहोंत भेद करण्यासाठी त्याच माणसांना दीर्घकाळ पुनःपुन्हा तपासणे अवश्य होते. डेन्मार्कमध्ये एरिक्सन व सहकारी यांनी १०४ निरोगी व्यक्तींचा १९ महिने असा पाठपुरावा केला व १९९५ मध्ये तो प्रसिद्ध केला. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील क्लाइटमन्स, व्हॅन बेल्कम व व्हरब्रुग यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांच्या मते सुमारे २० टक्के माणसे कायमची वाहक असतात, सुमारे ६० टक्के अधूनमधून वाहक होतात आणि सुमारे २० टक्के जवळजवळ कधीच वाहक नसतात. एका वेळच्या तपासण्यांची सरासरी मात्र ३७.२ टक्के येत होती. हे सर्व आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, एवढेच.

पुढे ही त्रिविध विभागणीही ढासळली. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात ठरावीक वाण मुद्दाम सोडून ते किती काळ टिकतात हे पाहण्यात आले. जे कधीच वाहक नव्हते त्यांच्या नाकातून ते मध्यमानाने ४ दिवसांत, अधूनमधून वाहक असणाऱ्यांच्या नाकातून १४ दिवसांत नाहीसे झाले. कायम वाहकांच्या नाकात मात्र ते १५४ दिवसांहून अधिक टिकले. कायम वाहकांच्या नाकात अनेक वाण एकत्र सोडले असता बहुधा त्यांचा स्वतःचा जुना वाणच पुन्हा प्रस्थापित होई, असेही या गटाने आधी पाहिले होते. या आधारे २००९ मध्ये व्हॅन बेल्कम यांनी प्रतिपादन केले की, खरे वर्ग दोनच आहेत : कायम वाहक आणि इतर. अधूनमधून वाहक होणारे हे वस्तुतः वाहक नसलेल्यांचेच आप्त ठरतात.

काही माणसांच्याच नाकात हा जंतू का रुजतो, याचे पूर्ण उत्तर एका कारणात सापडत नाही. जंतूच्या पृष्ठभागावरील 'क्लम्पिंग फॅक्टर बी' हे प्रथिन नाकपुडीच्या अस्तरातील 'लोरिक्रिन' या प्रथिनास चिकटते, हे २०१२ मध्ये दाखविले गेले. टिकून राहण्याचा एक दुवा त्यामुळे समजला. आनुवंशिकतेचा वाटा मात्र अपेक्षेहून लहान दिसतो. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासात (२०१२) एकबीज व द्विबीज जुळ्यांमधील साम्यात फारसा फरक आढळला नाही. वयाचा परिणाम अधिक ठळक आहे. आयुष्याच्या पहिल्या आठ आठवड्यांत ४० ते ५० टक्के बालके वाहक असतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत हे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर येते, असे एका इंग्रजी अभ्यासात २००३ मध्ये दिसून आले. संपूर्ण राष्ट्राचे प्रातिनिधिक असे मापन अमेरिकेत झाले. तेथे २००१-०२ मध्ये ३२.४ टक्के आणि २००३-०४ मध्ये २८.६ टक्के लोकांच्या नाकात हा जंतू होता. मेथिसिलीन या प्रतिजैविकाचा वापर १९५९ मध्ये सुरू झाला व त्यास न जुमानणारे वाण पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी १९६१ मध्येच नोंदविले होते. अशा वाणांची वाहकता अमेरिकेतील याच दोन मापनांमध्ये ०.८ टक्क्यावरून १.५ टक्क्यावर गेली. टक्केवारी लहान असली तरी वाढ दुपटीच्या जवळपास होती.

७. धोका कोणास?

वाहकाविषयीच्या चर्चेत जवळजवळ शतकभर एक गृहीत कायम राहिले, ते म्हणजे वाहकापासून धोका असतो तो इतरांस. २००१ मध्ये फॉन आइफ व सहकारी यांनी जर्मनीतून प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या गृहीतास तडा दिला. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा रक्तसंसर्ग झालेल्या रुग्णांच्या रक्तातील व त्यांच्याच नाकातील जंतूंची तुलना केली असता ८० टक्क्यांहून अधिक प्रसंगी ते एकच निघाले. म्हणजे रुग्णावर हल्ला करणारा शत्रू बहुधा परका नसून त्याच्याच घरी राहणारा होता. नेदरलँड्समध्ये सुमारे १४,००० रुग्णांची पाहणी करून व्हेर्टहाइम व सहकारी यांनी २००४ मध्ये दाखविले की, रुग्णालयात असा रक्तसंसर्ग वाहकांपैकी १.२ टक्के, तर वाहक नसलेल्यांपैकी ०.४ टक्के रुग्णांस झाला. वाहकांचा धोका तिप्पट होता. परंतु त्याच अभ्यासाने दुसरीही बाजू समोर आणली. संसर्ग झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाहकांत १८ टक्के, तर वाहक नसलेल्यांत ४६ टक्के होते. दीर्घ सहवासामुळे वाहकाच्या शरीरात काही प्रतिकारशक्ती निर्माण होत असावी, असा तर्क त्यावरून केला जातो.

या ज्ञानाचा व्यवहारातील उपयोग सावकाश निश्चित झाला. 'म्युपिरोसिन' हे नाकाला लावावयाचे प्रतिजैविक मलम शस्त्रक्रियेच्या सर्वच रुग्णांना सरसकट दिल्यास जखमांचा संसर्ग लक्षणीयरीत्या घटत नाही, असे २००२ मधील एका मोठ्या चाचणीत दिसले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत मात्र रुग्णालयात दाखल होताच नाक तपासून फक्त वाहकांना हे मलम व क्लोरहेक्सिडीनचे स्नान देण्यात आले. तेव्हा स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा संसर्ग ७.७ टक्क्यांऐवजी ३.४ टक्के रुग्णांत झाला. वाहक ओळखण्याचे काम येथेही केले गेले. पण त्याला वेगळे काढण्यासाठी नव्हे, तर त्याच्याच रक्षणासाठी. तपासणीची काडी तीच, नाक तेच, जंतूही तोच. तपासणाऱ्याचा हेतू मात्र पालटला होता.

समारोप

निरोगी माणसांपैकी कितीजणांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो, या प्रश्नास आज देता येण्याजोगे उत्तर असे : कोणत्याही एका दिवशी साधारणतः दर तीन-चार प्रौढांपैकी एकाच्या, कायमचा असा दर पाचांपैकी सुमारे एकाच्या, आणि आयुष्यात केव्हा ना केव्हा बहुसंख्य माणसांच्या. या तिन्ही विधानांत विरोध नाही. प्रत्येकामागे मोजणीची स्वतंत्र पद्धती आहे, आणि ती सांगितल्याखेरीज आकडा उद्धृत करणे म्हणजे एकक न सांगता माप सांगण्यासारखे आहे. नवीन पाहणी हाती घेणाऱ्या अभ्यासकाने नाकाचा भाग, ओळखीची कसोटी व तपासण्यांची संख्या या तीन गोष्टी आकड्याच्या आधी नमूद करणे त्यामुळेच अगत्याचे ठरते.

लोफलर यांना एका निरोगी मुलाच्या घशातील जंतूने संभ्रमात टाकले, कारण रोग व आरोग्य यांची सीमा जंतूच्या असण्या-नसण्यावर आखलेली होती. नासिकेतील पुंजगोलाणूंच्या इतिहासाने ती सीमा तेथून हलविली. रोग होतो तो जंतू, त्याचे शेजारी जंतू, माणसाच्या शरीराची अवस्था आणि जखम, शस्त्रक्रिया वा गर्दी यांसारखी परिस्थिती यांच्या संयोगातून. ही गोष्ट मान्य केल्यावर वाहकास दोषी ठरविण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण जी अवस्था मानवजातीच्या एवढ्या मोठ्या भागाची नित्याची अवस्था आहे ती अपराध असू शकत नाही. मेरी मॅलनच्या वाट्याला आलेली स्थानबद्धता आणि २०१० मधील रुग्णाच्या नाकाला लावलेले मलम यांमधील अंतर हे वैद्यकाच्या ज्ञानातील प्रगतीचे जितके, तितकेच त्याच्या न्यायबुद्धीतील प्रगतीचेही मोजमाप आहे.